लार्झाकची मेंढरं आणि वर्ध्याचा शांतिदास

माँपेलिए शहरातून उत्तरेकडे निघालं की तासाभरात रस्ता एका उभ्या कड्यापाशी येतो. कड्याच्या अंगाने गाडी वर चढते. द्राक्षमळे, ऑलिव्हची झाडं, समुद्राकडची दमट हवा, सगळं खाली राहतं. वर नुसता माळ. पांढरे दगड, खुरटी झुडपं, मधूनच लाल मातीचा खोलगट तुकडा आणि त्यात हिरवं पीक. वारा असा की गाडीचं दार उघडताना दोन्ही हात लावावे लागले. हा लार्झाकचा माळ. दक्षिण फ्रान्समधल्या चुनखडीच्या पठारांपैकी हे सगळ्यात मोठं. पसारा साधारण १,००० चौरस किलोमीटरचा, आणि त्याचा बराचसा भाग आव्हेरों जिल्ह्यात येतो.

मी पशुवैद्यक. नागपूरला सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकले. नोकरीची बहुतेक वर्षं वर्धा जिल्ह्यात, आर्वी-कारंजाकडे गेली. गवळाऊ गाई, गवळ्यांचे कोठे, उन्हाळ्यात कोरडे पडलेले नाले, हाच माझा मुलुख. निवृत्तीनंतर आम्ही नागपुरात राहतो. मुलगी संशोधनासाठी माँपेलिएला असते. नागपूर ४५ अंशांवर तापलेलं असताना हे आणि मी तिच्याकडे गेलो. तिने समुद्र, संग्रहालयं, पॅरिस अशी मोठी यादी करून ठेवली होती. मी म्हटलं, "बाई, मला मेंढ्या दाखव. उरलेलं तू आणि बाबा बघा."

"आई, मेंढ्या बघायला फ्रान्सला कोण येतं?"

मी आले. आणि त्या माळावर मला जे सापडलं ते थेट आमच्या वर्ध्याला येऊन भिडणारं निघालं, म्हणून हे लिहायला बसले आहे.

आधी पाण्याबद्दल सांगते, कारण पाणी समजल्याशिवाय हा माळ समजत नाही. नागपूरच्या पश्चिमेला आपला सगळा बेसाल्टचा काळा दगड. त्यावर काळी कसदार माती, आणि ती पाणी धरून ठेवते. पऱ्हाटी तिच्याच जोरावर उभी राहते. लार्झाक चुनखडीचा आहे. तिथे पाऊस काही कमी पडत नाही, पण पडलेलं पाणी दगडाच्या भेगांतून थेट खाली जातं. वर ना नदी, ना ओढा. तेच पाणी शेकडो मीटर खाली, पठाराच्या पायथ्याशी झरे होऊन बाहेर पडतं. म्हणजे खालच्या दऱ्यांत पाणी खळाळतं आणि वरच्या माणसाला घोटभर पाण्यासाठी युक्ती करावी लागते.

त्यातली एक युक्ती म्हणजे लाव्होन्य. जमिनीतला खोलगट भाग बघायचा, तळाशी चिकणमाती ठोकून बसवायची आणि तिच्यावर दगडी फरसबंदी करायची. मेंढ्यांच्या खुरांनी माती उखडू नये म्हणून ही फरसबंदी. कडेपासून मध्यापर्यंत हलका उतार, म्हणजे पाणी कितीही खाली गेलं तरी मेंढी चालत जाऊन पिऊ शकते. ला कुव्हेर्तुआराद नावाच्या तटबंदीच्या गावाबाहेर असं एक मोठं लाव्होन्य आहे. ते बघून मी बराच वेळ तिथेच बसले. भंडारा-गोंदियाकडे आपल्या बोड्या आहेत, मालगुजारी तलाव आहेत. त्या धानाच्या वावरासाठी बांधल्या. इथे पाणी जनावरासाठी आधी, माणसाचं नंतर. माणसांनी स्वतःसाठी छपरावरचं पाणी पन्हळीतून दगडी हौदात उतरवलं. जुन्या घरांना लाकडी तुळया फारशा नाहीत, कारण माळावर मोठी झाडं नाहीत. खोल्यांवर दगडी कमानी, कमानींवर चुनखडीच्या फरश्यांचं छप्पर. मेंढवाडेही तसेच. त्यांना तिकडे 'जास' म्हणतात. आत शिरलं की देवळाच्या लांब सभामंडपात उभं राहिल्यासारखं वाटतं आणि नाकाला वास मात्र ओळखीचा येतो, लेंड्यांचा, ओल्या लोकरीचा, सुक्या चाऱ्याचा.

आम्ही उतरलो ते एका मेंढपाळ बाईच्या शेतावर. तिच्याकडे पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत. ती मूळची इथली नाही. उत्तरेकडच्या शहरातून तरुणपणी आली आणि राहिली. मला फ्रेंच येत नाही, तिला इंग्रजी जेमतेम. मुलगी मध्ये बसून दोघींचं बोलणं पोचवत होती. पण गोठ्यात शिरल्यावर दुभाष्याची गरज फार उरली नाही. मी एका मेंढीची कास हाताने बघितली, सड दाबून पाहिले, तेव्हा बाई हसली आणि लंगडणारी दुसरी मेंढी माझ्यासमोर आणून उभी केली. खूर बघा म्हणाली. बघितला. दोन बोटांच्या मधे सूज होती. आपल्याकडे पावसाळ्यात जे होतं तेच.

मेंढ्या लाकोन जातीच्या. डोकं, पाय, पोट बिनलोकरीचं, कान आडवे, स्वभाव शांत. दिवसातून दोनदा दूध काढतात. बाई खड्ड्यात उभी राहते आणि मेंढ्या तिच्या खांद्याच्या उंचीवर ओळीने उभ्या राहतात. यंत्र लावायचं, काढायचं, पुढची ओळ. तीनशेच्या वर मेंढ्या, पण गडबड नाही. आपल्याकडे मेंढीचं दूध म्हटलं की धनगराच्या घरापुरतं. त्याचा बाजार नाही. दख्खनी मेंढी मांसासाठी आणि थोडीफार लोकरीसाठी. लोकरीचं रडगाणं मात्र दोन्हीकडे सारखं निघालं. कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा लोकरीतून सुटत नाही, बाई म्हणाली. धनगर हेच सांगतात.

हे दूध जातं रोकफोरला. रोकफोर-सुर-सुलझों हे एक छोटंसं गाव कोंबालू नावाच्या कड्याच्या पोटाशी चिकटलं आहे. कधीकाळी त्या डोंगराचा कडा कोसळला आणि आत मोठमोठ्या फटी राहिल्या. त्या फटींना 'फ्लोरीन' म्हणतात. त्यांतून वर्षभर गार, ओलसर वारा वाहतो. तळघरांचं तापमान त्यामुळे ८ ते १२ अंशांच्या आसपास राहतं. सगळं चीज या ढासळलेल्या भागातच मुरवायचं, असा नियम. लांबी जेमतेम दोन किलोमीटर, रुंदी तीनशे मीटर. सहाव्या चार्ल्स राजाने १४११ मध्ये हे मुरवण्याचा हक्क या गावाला दिला. १९२५ मध्ये फ्रान्सने कायदा करून रोकफोरचं नाव राखून ठेवलं, आणि असं संरक्षण मिळालेलं ते तिथलं पहिलं चीज.

पशुवैद्यक म्हणून मला त्यातली रीत फार आवडली. दूध कच्चंच वापरायचं, लाकोन मेंढीचंच, आणि मेंढ्या हवामान परवानगी देईल तेवढे दिवस बाहेर चरल्या पाहिजेत, हेही नियमातच लिहिलेलं. दुधात पेनिसिलियम रोकफोर्ती ही बुरशी घालतात. पूर्वी ती राय नावाच्या धान्याच्या भाकरीवर याच तळघरांत वाढवत. एका चकतीला साधारण १२ लिटर दूध लागतं. चकतीला लांब सुयांनी भोकं पाडतात, म्हणजे हवा आत जाते आणि बुरशी हिरव्या-निळ्या शिरा धरून पसरते. किमान ९० दिवस मुरवण्याची अट. चव खारट, तीव्र, आणि मागून गोडसर. ह्यांना एका घासातच पुरे झालं. मला रोज हवं होतं. शाकाहारी वाचकांनी मात्र एक लक्षात ठेवावं: दूध घट्ट करायला कोकराच्या जठरातलं रेनेट वापरतात.

दुधाचा धंदा म्हणजे कोकरं लवकर तोडावी लागतात, आणि नर कोकरं मांसाला जातात. हे तिथे कोणी लपवत नाही, मीही लपवत नाही. त्या कोवळ्या कातड्यावरच मियो या गावात हातमोज्यांचा धंदा उभा राहिला. आता तिथे थोडेच कारागीर उरले आहेत. मियोच्या अंगाला ला ग्रोफसांक म्हणून जागा आहे. रोमन काळात तिथे लाल चकचकीत मातीची भांडी लाखांनी बनत. व्हेसुव्हियसच्या राखेत इसवी सन ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या पाँपेईत या भांड्यांची एक न उघडलेली पेटी मिळाली आहे. बघायला माणसं येतात ती मात्र गावाजवळचा उंच पूल. २००४ मध्ये झाला, सर्वांत उंच टोक ३४३ मीटर. पूल सुंदर आहे. मी त्याच्याखाली चहा घेतला आणि पुढे निघाले.

गावांबद्दलही थोडं सांगते. बाराव्या शतकात टेंपलर नावाच्या लढाऊ ख्रिस्ती संन्याशांच्या संघाला या माळावर जमिनी मिळाल्या. त्यांनी इथे मेंढ्या-घोडे पाळले, धान्य पिकवलं आणि मिळकत जेरुसलेमकडच्या युद्धांसाठी धाडली. १३१२ मध्ये हा संघ मोडला आणि जमिनी हॉस्पिटलर संघाकडे गेल्या. आज दिसणारे तट त्यांनी पंधराव्या शतकात बांधले. सेंत-उलाली-द-सेर्नों, ला कावालरी, ला कुव्हेर्तुआराद ही त्यांतली नावं. ला कुव्हेर्तुआरादच्या जुन्या दारांवर एक काटेरी फूल ठोकलेलं दिसतं, थाळीएवढं आणि उन्हाच्या रंगाचं. ते कार्दाबेल. पाऊस येणार असला की ते मिटतं, म्हणून दारावर लावायचे. आता ते तोडायला बंदी आहे. दारावर जी आहेत ती जुनी.

आता मुख्य गोष्ट.

दुसऱ्या दिवशी बाईने आम्हाला ला ब्लाकिएर नावाच्या वस्तीवर नेलं. तिथे एक मोठा दगडी मेंढवाडा आहे. नवा आहे, म्हणजे १९७३ साली बांधायला घेतलेला. ती म्हणाली, "हा बेकायदेशीर बांधला आहे." अभिमानाने म्हणाली. मग भिंतीजवळ उभं राहून तिने सगळं सांगितलं. पुढे मीही ते वाचून पडताळून घेतलं.

लार्झाकवर १९०० च्या पहिल्या दशकापासून सैन्याचा तळ आहे, साधारण ३,००० हेक्टरचा. ऑक्टोबर १९७१ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री मिशेल दब्रे यांनी तो १७,००० हेक्टरचा करण्याचं जाहीर केलं. शेतकऱ्यांना कोणी विचारलं नाही. एका राज्यमंत्र्याने तर म्हटलं की तिथे थोडेसे शेतकरी आहेत, कशाबशा मेंढ्या पाळतात आणि अजून जवळजवळ मध्ययुगातच राहतात. ते शेतकरी देवभोळे, चर्चला जाणारे, सरकारला मानणारे. मोर्चा काय असतो हे त्यांतल्या बऱ्याच जणांना ठाऊक नव्हतं. डावे विद्यार्थी शहरांतून आले. ते लढायला तयार होते, पण त्यांची भाषा शेतकऱ्यांना परकी वाटायची.

मार्च १९७२ मध्ये ला कावालरीत ७० वर्षांचा एक माणूस येऊन उपोषणाला बसला. उंच, पांढरी दाढी, अंगात हाताने कातून विणलेले कपडे. पंधरा दिवस त्याने काही खाल्लं नाही. शेतकरी आळीपाळीने त्याच्यासोबत एकेक दिवस उपास करायला येऊन बसू लागले. रोदेझ आणि माँपेलिएचे बिशपही येऊन बसले. त्या माणसाचं नाव लांझा देल व्हास्तो.

बाई म्हणाली, "त्याला त्याच्या गुरूने दुसरं नाव दिलं होतं. शांतिदास."

मी मुलीकडे बघितलं. मुलगी म्हणाली, "आई, ती खरंच शांतिदासच म्हणतेय."

हा लांझा इटलीत १९०१ मध्ये जन्मलेला. तत्त्वज्ञान शिकलेला, कवी. १९३७ मध्ये तो वर्ध्याला गांधीजींकडे आला आणि काही महिने राहिला. चरखा शिकला, सूत कातलं, हाताने काम करायला शिकला. शांतिदास हे नाव गांधीजींनी दिलं. १९५४ मध्ये तो पुन्हा भारतात आला आणि विनोबांच्या भूदान यात्रेत चालला. मधल्या काळात, १९४८ मध्ये, त्याने फ्रान्समध्ये 'आर्श' नावाचा आश्रम काढला. हा आश्रम १९६३ मध्ये लार्झाकच्या दक्षिणेकडच्या डोंगरात, ला बोरी नोब्ल इथे आला. कातणं, विणणं, शेती, प्रार्थना. म्हणजे ज्या माळावर रणगाडे यायचे होते, त्याच्या उशाशीच वर्ध्याला तयार झालेला माणूस राहत होता.

मी वर्धा जिल्ह्यात आयुष्य काढलं. माझे सासरे मगनवाडीतून घाणीचं तेल आणायचे. सेवाग्रामला शाळेच्या सहली नेणाऱ्या किती गाड्या मी रस्त्यात बघितल्या असतील. शांतिदासाचं नाव मला तिथे कोणी सांगितलं नव्हतं. ते मला आव्हेरोंमधल्या एका मेंढपाळ बाईने सांगितलं, आणि सांगताना तिने 'वर्धा' हा शब्द असा उच्चारला की मला भरून आलं.

उपोषण चालू असतानाच, २८ मार्च १९७२ रोजी, १०३ शेतकऱ्यांनी शपथ घेतली की सैन्याला जमीन विकायची नाही. त्यातला प्रत्येक जण वेगळा. कोणाकडे मोठी शेती, कोणी दुसऱ्याच्या वावरात राबणारा. मोठ्याला चांगली किंमत घेऊन निघून जाता आलं असतं. गेले नाहीत. पुढची दहा वर्षं त्यांनी जे केलं ते ऐकताना मला सारखं वाटत होतं की हे आपल्याकडचंच कोणीतरी सांगतंय. ऑक्टोबर १९७२ मध्ये ६० मेंढ्या त्यांनी पॅरिसला नेल्या आणि आयफेल टॉवरच्या खाली सोडल्या. जानेवारी १९७३ मध्ये ट्रॅक्टर घेऊन राजधानीकडे निघाले. संरक्षण खर्चाच्या निषेधार्थ करातला ३ टक्के भाग द्यायला काहींनी नकार दिला. जमिनीचे छोटे छोटे वाटे देशभरातल्या हजारो लोकांना विकले, म्हणजे सैन्याला एकेक वाटेकरी शोधत बसावं लागेल. सैन्याने घेतलेल्या ले त्रुएल या शेतावर आर्शच्या लोकांनी बिऱ्हाड थाटलं. १९७८ मध्ये शेतकरी पॅरिसपर्यंत पायी गेले, ७०० किलोमीटरहून जास्त.

आणि हा मेंढवाडा. सैन्याच्या आड येतो म्हणून बांधकामाची परवानगी मिळणार नव्हती. मग परवानगीशिवायच बांधायचं ठरलं. कराचे रोखून धरलेले पैसे त्यात घातले. देशोदेशीची तरुण मुलं येऊन दगड घडवू लागली. दगडांवर त्यांनी कोरलेलं अजून वाचता येतं. १९७५ मध्ये याच वस्तीवर रात्री एका शेतकरी कुटुंबाचं घर स्फोटाने उडवलं. घरात मुलंबाळं होती. सुदैवाने कोणी मेलं नाही. त्यानंतर लोक संतापले, हात उगारायची भाषाही झाली, पण अहिंसेचा निर्णय शेतकऱ्यांनी सोडला नाही. हे मला त्या सगळ्या लढ्यातलं सर्वांत अवघड काम वाटतं. मोर्चा काढणं सोपं. घर उडवलं गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढ्यांचं दूध काढून पुन्हा बैठकीला शांतपणे बसणं सोपं नाही.

देशाला सैन्य लागतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पुलगावच्या दारूगोळा भांडाराच्या आसपासच्या गावांत मी काम केलं आहे, जवानांच्या घरच्या म्हशी तपासल्या आहेत. पण जमीन कसणाऱ्याला न विचारता नकाशावर रेघ ओढली की काय होतं, हे विदर्भातल्या माणसाला सांगावं लागत नाही. धरणं, खाणी, विमानतळ, प्रत्येकाच्या पाठीमागे कुठलं तरी गाव उठलेलं आहे.

मे १९८१ मध्ये फ्रान्स्वा मितराँ राष्ट्राध्यक्ष झाले आणि जूनमध्ये विस्ताराची योजना रद्द झाली. शांतिदास त्याच वर्षी जानेवारीत गेला होता. त्याला हे बघायला मिळालं नाही.

यानंतर जे झालं त्याची चर्चा कमी होते, आणि मला तेच जास्त मोलाचं वाटतं. सैन्याने तोवर बरीच जमीन विकत घेतलेली होती. ती आता सरकारची. सरकारला ती तुकडे करून विकता आली असती. शेतकऱ्यांनी ते नको म्हटलं. त्यांनी एक संस्था केली आणि १९८५ मध्ये सरकारने ६,३०० हेक्टर जमीन तिला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली. तो पट्टा आता २०८३ पर्यंत वाढवलेला आहे. संस्थेचे निर्णय जमीन कसणारे आणि तिथे राहणारे मिळून घेतात. शेतकऱ्याला जमीन, घर आणि गोठा मिळतो तो काम करतो आहे तोपर्यंत. निवृत्त झाला की सोडायचं. विकता येत नाही, मुलाच्या नावे आपोआप होत नाही. त्याच्या जागी दुसरं तरुण कुटुंब येतं. आमची यजमान बाई अशीच आलेली. शहरातल्या मुलीकडे जमीन घ्यायला पैसा कुठून असणार? या व्यवस्थेमुळे ती मेंढपाळ झाली.

मी तिला विचारलं, "आयुष्यभर राबलीस आणि शेवटी घर सोडायचं, याचं वाईट नाही वाटत?"

ती थोडं थांबून म्हणाली, "वाटेल. पण मला हे घर असंच मिळालं होतं ना."

ह्यांनी तिला गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाची गोष्ट सांगितली. या गोंड गावाला २००९ मध्ये १,८०० हेक्टरवर जंगलाचा सामूहिक वनहक्क मिळाला. पुढे गावाने आपली शेतजमीनही ग्रामदान केली. गावाचे निर्णय सर्वसहमतीने. बाईने ते लिहून घेतलं आणि विचारलं, गाव विनोबांशी जोडलेलं आहे का? ग्रामदानाची कल्पना त्यांचीच, ह्यांनी सांगितलं. मग दोघं एकमेकांना कागदावर आकडे काढून दाखवत बसले आणि मुलगी भाषांतर करून दमली.

पुढे १९९९ मध्ये अमेरिकेने रोकफोरवर १०० टक्के जकात लावली, कारण युरोपने हार्मोन दिलेल्या गुरांचं मांस नाकारलं होतं. तेव्हा मियोतलं बांधकाम चालू असलेलं मॅकडोनाल्ड्स शेतकऱ्यांनी दिवसाढवळ्या, बायकामुलांसह जाऊन सुटं केलं. जोझे बोव्हे हे नाव जगभर गेलं ते त्यामुळे. तोही सत्तरच्या दशकात लार्झाकवर आलेला आणि इथेच मेंढपाळ झालेला.

२०११ मध्ये या पठारांना आणि शेजारच्या सेव्हेन डोंगरांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून घेतलं, सुमारे ३,००० चौरस किलोमीटर. कशासाठी, तर चराईसाठी. किल्ला नाही, राजवाडा नाही. मेंढ्या चारण्याची रीत, तिच्यामुळे घडलेली जमीन, कळपांच्या वाटा, मेंढवाडे, लाव्होन्य. मेंढी फिरायची थांबली की या माळावर बॉक्सवुड आणि जुनिपरची झुडपं माजतात, मागून पाईन येतो, आणि गवतात फुलणारी आमरं नाहीशी होतात. मी गेले तेव्हा पिसांसारखं रुपेरी गवत वाऱ्यावर लोळत होतं. ते मेंढ्यांनी राखलेलं आहे.

इथे मला आपल्या झुडपी जंगलाची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही. विदर्भाच्या महसुली नोंदीतला हा वेगळाच प्रकार. पडीक, खुरटं, पण गावच्या ढोरांचं पोट त्यावर. शिवारं निघाली की कच्छकडचे काठेवाडी मेंढ्या-उंटांचे वाडे घेऊन येतात आणि वावरात मेंढ्या बसवतात. शेतकऱ्याला खत मिळतं, त्यांना चारा. कागदावर या जमिनीची चर्चा होते ती जंगल की इमारत एवढीच. तिसरं उत्तर चराई आहे, आणि ते उत्तर देणारी माणसं आपल्याकडे अजून आहेत. त्यांच्या वाटा गावच्या नकाशावर आखून घ्या, एवढंच मला माझ्या खात्यातल्या तरुण डॉक्टरांना सांगायचं आहे. लसीकरणाला तुम्ही त्या वाड्यांवर जाताच. त्याच वेळी लिहून घ्या.

एक पाहिल्याशिवाय निघायचं नाही असं मी ठरवलं होतं: गिधाडं. जोंत नदीच्या घळीत, पठाराच्या उत्तरेला. तिथून ती विसाव्या शतकात नाहीशी झाली होती. १९८१ पासून पिंजऱ्यात वाढवलेली गिधाडं सोडायला सुरुवात झाली. आज डोक्यावर घिरट्या घालणारी गिधाडं मोजता येत नाहीत. मेंढपाळांना मेलेली मेंढी ठरलेल्या जागी ठेवायची परवानगी आहे. गिधाडं ती साफ करतात. आपल्याकडे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेल्या ढोरांचं मांस खाऊन गिधाडं संपली. २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झालं, पण तोवर आर्वीकडचं आकाश रिकामं झालं होतं. २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरहून ताडोबा आणि पेंचमध्ये गिधाडं आणली आहेत. लार्झाकच्या शेजारी ती परत येऊन स्थिरावली आहेत, हे मी डोळ्यांनी बघितलं. पेंचलाही होईल, जर आसपासच्या गावांतला प्रत्येक पशुवैद्यक त्याऐवजी मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न बाधणारं वेदनाशामकच वापरेल.

जायचं असेल त्यांच्यासाठी थोडं: माँपेलिएहून गाडी भाड्याने घ्या, माळावर बस फार नाहीत. जूनमध्येही स्वेटर हवा. ला ब्लाकिएरचा मेंढवाडा वापरातला आहे, आत जाण्याआधी विचारा. मियोच्या बाजारात फ्लोन मिळतं, मेंढीच्या दुधाच्या निवळीतून काढलेल्या चीजचा गोड, संत्र्याच्या फुलांच्या पाण्याचा वास असलेला पदार्थ. नागपूरकरांना तो वास लगेच कळेल. आणि दूध काढणं बघायचं असेल तर जुलै संपायच्या आत पोचा, ऑगस्टपासून मेंढ्या आटतात.